जॅबेझ ट्रेलोर आणि नववं फाटक

फार वर्षं झाली या गोष्टीला. नक्की किती, ते कुणालाच सांगता येत नाही. पण त्या गावच्या तांब्याच्या खाणीत तेव्हा माणसं उतरत होती आणि आज तिथे नुसतं हिरवं पाणी साचलंय, एवढा पुरावा पुरे. गाव दूरदेशीचं, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं. नाव पेनॅरा. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार समुद्र ओलांडून तिथे आले. त्यांनी आधी जमिनीत भोकं पाडली, मग दगडी प्रार्थनाघर बांधलं, आणि मग कुठे स्वतःच्या डोक्यावर छप्पर घातलं. याच क्रमाने सगळं झालं असं म्हणतात, आणि ते लोक कसे होते हे ऐकलंत तर तुम्हालाही ते पटेल.

त्या गावात जॅबेझ ट्रेलोर नावाचा माणूस होता. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. सायकली दुरुस्त करायचा. त्या काळी ऑस्ट्रेलियात गावोगावी असे कारागीर होते, की सायकल दुरुस्त करता करता एक दिवस त्यांच्या डोक्यात यायचं, हिला इंजिन लावलं तर? मग विलायतेहून पेंढा भरलेल्या खोक्यातून इंजिन यायचं, आणि बाकीची मोटारसायकल ते आपल्या हातांनी उभी करायचे. टाकीवर सोनेरी अक्षरांत आपलं नाव लिहायचे. कुणाच्या दहा गाड्या झाल्या, कुणाच्या पन्नास, कुणाची एकच झाली आणि तीही विहिरीत गेली. जॅबेझच्या अकरा झाल्या. त्या अकरांपैकी एकही कधी रस्त्यात अडून बसली नाही असं म्हणतात. एकदा बसली, ते आता ऐका.

जॅबेझचं नाव होतं ते त्याच्या सांध्यांसाठी. सांगाडा म्हणजे लोखंडी नळ्या, एकीत एक बसवलेल्या. नळी बसवायची, ती हलू नये म्हणून आरपार एक बारीक खिळी ठोकायची, आत पितळेच्या तारेचं कडं सरकवायचं, वरून टाकणखार टाकायचा आणि भट्टीत लाल करायचं. आतलं पितळ वितळून फटीत भरतं आणि सांधा जन्माचा पक्का होतो. खिळी फक्त तेवढ्यापुरती धरून ठेवायला. जॅबेझ प्रत्येक सांध्याचं कडं त्या त्या नळीच्या मापाने स्वतः वळायचा. त्याच्या गाडीच्या चाकाखालून दगड निसटेल, पण सांधा निसटणार नाही, असं शहरातले दुकानदारसुद्धा बोलायचे.

अकरावी गाडी गावाने सलीना पास्कोसाठी बनवून घेतली होती. सलीना म्हणजे गावची सुईण. तिला सगळे मावशी म्हणत, अगदी तिच्याहून मोठेसुद्धा, कारण कॉर्नवॉलच्या लोकांत तशी रीतच आहे. मावशी अंगाने चांगली भारदस्त, त्यात सामानाची पिशवी मणाची. म्हणून जॅबेझने या गाडीच्या चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांची, वरची नळी नेहमीपेक्षा जाड घेतली. ही नळीच हँडलला चाकाशी जोडते. तेवढ्या मापाची नळी त्याने आधी कधी वापरली नव्हती.

आता बुधवारी काय झालं ते सांगते. ही नळी चिमट्यात बसवून झाली होती, खिळी ठोकून झाली होती, कडं जॅबेझच्या बोटांत होतं, आणि प्रार्थनाघराची घंटा झाली. बुधवारी संध्याकाळी तिथे छोटी सभा असे आणि घंटा झाली की हातातलं काम तसंच सोडून निघायचं, असा गावाचा दंडक. जॅबेझने ॲप्रन काढला, सभेचा काळा कोट चढवला आणि निघाला. सकाळी येऊन बघतो तो चिमट्याचे बाकीचे सांधे काळे, जळके, झालेले. या सांध्यातही खिळी दिसत होती. त्याने कानस मारली, रंग चढवला आणि शनिवारी गाडी मावशीच्या दारात उभी केली.

दारात गाव जमलं होतं. त्यात कॅप्टन एबल हॉकिंगही होते. खाणीच्या मुकादमाला तिथे कॅप्टन म्हणत आणि एबल हॉकिंग हे खाणीचेही कॅप्टन आणि प्रार्थनाघराचेही कारभारी. पेनॅरात रविवारी चाक फिरत नसे. मुलांचे झोपाळेसुद्धा शनिवारी रात्री दोरीने बांधून ठेवत. कॅप्टन स्वतः जॅबेझची आठ नंबरची गाडी चालवायचे, पण सोमवार ते शनिवार.

ते मावशीला म्हणाले, "सलीना, रविवारी बाळंतपण निघालं तर बग्गीतून जा. या यंत्राचा आवाज रविवारी माझ्या कानावर आला, तर मी स्वतः मागे येईन आणि तुला थांबवीन."

मावशी म्हणाली, "पोटातल्या पोराला वार कळत नाही, कॅप्टन."

दुसऱ्याच दिवशी सकाळी निरोप आला. तीस मैलांवरच्या मेंढ्यांच्या वाडीत एक बाई अडली होती. बग्गीने तीस मैल म्हणजे दिवस मावळला असता. मावशीने पिशवी बांधली, गाडी काढली आणि प्रार्थनाघरावरूनच गेली, कारण दुसरा रस्ताच नव्हता. आत पहिलं स्तोत्र चाललं होतं. दुसऱ्या कडव्याला इंजिनाचा आवाज आला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, सगळ्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं आणि मग कॅप्टनकडे. कॅप्टन गात राहिले. त्यांची मान मात्र लाल झाली होती असं म्हणतात.

स्तोत्र संपलं, प्रवचन सुरू झालं. पेनॅरातलं प्रवचन म्हणजे तासाभराची निश्चिंती. लोक खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवत. जॅबेझने गोळीसाठी कोटाच्या खिशात हात घातला आणि बोटाला काहीतरी थंड, गोल लागलं.

त्याने ते बाहेर काढलंसुद्धा नाही. बोटानेच माप कळलं. एवढं मोठं कडं त्याने जन्मात एकच वळलं होतं. म्हणजे मावशीच्या गाडीच्या चिमट्यात पितळ नव्हतंच. तिचं पुढचं चाक, तिचं हँडल, तिचा जीव, सगळं एका खिळीवर होतं. खिळी सपाट रस्त्याला टिकेल. पण वाडीच्या अलीकडे कावळेघळ होती, तीनशे फूट खोल, आणि तिच्या उतारावर गाडीचा सगळा भार पुढच्या चाकावर येतो. तिथे ती खिळी तुटणार हे त्याला समोर वही उघडल्यासारखं दिसलं.

आणि जॅबेझ बसून राहिला.

मला ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे राग येतो. पण तुम्ही त्या बाकावर बसून बघा. चारशे माणसं, सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि प्रवचनातून आजवर कुणीही उठलेलं नाही. एकदा एक म्हातारा बाकावरच वारला, तर त्यालाही शेवटच्या स्तोत्रानंतर उचललं असं म्हणतात. जॅबेझ उठला असता तर चारशे माना वळल्या असत्या. का उठलास असं विचारलं असतं, आणि उत्तर द्यायचं तर जॅबेझ ट्रेलोरने सांधा सोडला असं जॅबेझनेच सांगायचं. त्या नावाशिवाय त्याच्यापाशी दुसरं होतं काय? त्याने स्वतःला समजावलं, की खिळी पोलादी आहे, मावशी गाडी हळू चालवते, संपेलच आता. घामाने त्याची कॉलर भिजली. प्रवचनकाराचा हात वर गेला की त्याला वाटायचं, आता संपवणार. हात खाली यायचा आणि नवा मुद्दा सुरू व्हायचा.

असा अर्धा तास गेला. मग तो उठला.

चारशे माना वळल्या. प्रवचनकार गप्प झाला. जॅबेझ चालत पहिल्या बाकाशी गेला आणि म्हणाला, "कॅप्टन, तुमची गाडी हवी."

"आज रविवार आहे, जॅबेझ."

"मावशीच्या गाडीचा एक सांधा मी भरला नाही. विसरलो. ती कावळेघळीत मरेल."

जॅबेझ उत्तरासाठी थांबला नाही. प्रार्थनाघराच्या मागेच कॅप्टनची पडवी होती. चादरीखालून आठ नंबर काढली, ढकलत पळाला, इंजिन लागलं आणि सभेचा काळा कोट तसाच अंगावर ठेवून तो निघाला.

वाटेत मेंढ्यांची कुरणं होती आणि दर कुरणाला फाटक. तिथला नियम असा, की उघडलेलं फाटक लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. गळ्याशी सुरी लावली तरी नाही. आणि त्या काळच्या गाड्यांचा पट्टा थेट इंजिनापासून चाकाला. थांबायचं तर इंजिन बंद करायचं, निघायचं तर पुन्हा ढकलत पळायचं. मावशी प्रत्येक फाटकाशी उतरणार, गाडी आत घेणार, फाटक लावणार, मग पुन्हा धापा टाकत ढकलणार. जॅबेझची सगळी भिस्त या फाटकांवर होती. त्याने स्वतः एकही लावलं नाही. धावत्या गाडीवरून बुटाने कडी उडवत गेला असं म्हणतात. तिसऱ्या फाटकाची फळी त्याच्या गुडघ्याने तुटली, ती तुटकी फळी माझ्या ओळखीच्या एकाने पाहिली आहे, पण ती तिसऱ्याचीच कशावरून, असं मी विचारलं तर तो रागावला. त्या दिवशी आठ कुरणांच्या मेंढ्या एकमेकींत मिसळल्या आणि त्या निवडायला पुढचे चार दिवस लागले, हे मात्र खरं आहे.

दर फाटकाशी तो खाली बघायचा. धुळीत मावशीच्या चाकांची रेघ ताजी होत चालली होती. सहाव्या फाटकाशी तिच्या बुटांचे ठसे, सातव्याशी तेलाचा ओला थेंब. आठव्याच्या पुढे चढावर त्याला लांब धुरळा दिसला. त्याने इंजिनाला होतं नव्हतं ते सगळं बळ दिलं. पोहोचलो, असं तो मोठ्याने बोलला.

आणि नववं फाटक उघडं होतं.

सलीना पास्कोने आयुष्यात फाटक उघडं टाकलं नव्हतं. बाळ अर्धं बाहेर आलंय असा निरोप असला तरी ती आधी फाटक लावायची आणि मग धावायची. आज तिने ते सताड सोडलं होतं. म्हणजे ती पळत होती.

मग त्याला उमगलं. आठ नंबरच्या इंजिनाला खोकल्यासारखी ढास होती, ती गावातलं पोरही ओळखायचं. मावशीने मागे वळून पाहिलं असणार. धुरळा, कॅप्टनची गाडी, वर काळा कोट. शनिवारी सगळ्यांदेखत कॅप्टनने दिलेला शब्द तिला आठवला असणार. तिकडे बाई अडलेली आणि इकडे कॅप्टन थांबवायला आलेले. ती थांबेल कशी? तो जितका जवळ जाईल तितकी ती त्या खिळीवर जोराने धावणार होती.

फाटकापासून कावळेघळ दोन मैलांवर. अकरावी तयार होत होती तेव्हा जॅबेझने मावशीला आधीच्या एका गाडीवर महिनाभर शिकवलं होतं. घळीच्या काठावर थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, ढिला झालेला पट्टा कापून आखूड करायचा आणि मगच उतरायचं, हे त्याने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पाठीवर कुणी नसेल तर ती थांबेल. पाठीवर कॅप्टन असतील तर तशीच घळीत घालेल.

त्याने इंजिन बंद केलं.

असा निर्णय घ्यायला काय लागत असेल ते मला सांगता येत नाही. माणूस मरणाच्या दिशेने चाललंय, हाताशी वेगाचं यंत्र आहे, आणि ते आपण होऊन बंद करायचं. त्याने आठ नंबर फाटकाला टेकवली, काळा कोट काढून टाकला आणि पळायला लागला. सभेचे बूट कडक चामड्याचे, रस्ता दगडाचा, ऊन डोक्यावर. काही जण म्हणतात पाच मैल पळाला. मी दोनच मानते. त्या बुटांत दोन पुष्कळ झाले. तो पळत होता तोवर वारा पडला होता आणि रानातला एकही पक्षी बोलला नाही असं म्हणतात. जॅबेझ कान देऊन पळत होता. पुढे इंजिनाचा आवाज होता. मग तो आवाज लहान झाला. मग बंद पडला.

थांबली, की पडली? हे कळायला त्याला एक मैल पळावं लागलं.

शेवटच्या चढावर आला तेव्हा त्याला ती दिसली. काठावर गाडी उभी, पट्टा कापून झालेला, मावशी हात पुसत होती. तो ओरडला, पण घशातून आवाजच निघाला नाही. तिने हँडल धरलं आणि गाडी ढकलली. पहिल्या ढकलीला जॅबेझच्या गाड्या लागायच्या, अकराच्या अकरा, सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिन लागलं नाही. तिने पुन्हा ढकलली. पुढचं चाक उताराच्या तोंडाशी आलं. पुन्हा लागलं नाही. यंत्राला आपला कर्ता ओळखता येतो का, मला माहीत नाही. पण अकरा नंबर त्या दिवशी तिसऱ्यांदाही अडून बसली असं म्हणतात, आणि चौथ्यांदा मावशीने अंग झोकायला पाय रोवला तेव्हा जॅबेझने मागून कॅरिअर धरलं.

मावशी वळली. "जॅबेझ? मला वाटलं कॅप्टन आलेत."

जॅबेझने तिला बाजूला केलं, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं. ते नळीसकट त्याच्या हातात आलं. खिळीचा अर्धा तुकडा खाली पडला. चाक आणि चिमटा तेवढे जमिनीवर राहिले.

मावशीने खाली घळीत पाहिलं. मग ती दगडावर बसली. तिने विचारलं, "तुला कळलं कधी?"

"प्रवचन सुरू झालं तेव्हा."

"आणि निघालास कधी?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. तिथे ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "अर्धा तास बसून होतो, मावशी. लाज वाटली."

मावशी त्याच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात काय होतं ते जॅबेझने कधी कुणाला सांगितलं नाही. मग ती उठली, पिशवी त्याच्या खांद्यावर दिली आणि म्हणाली, "चल. वाडी पलीकडच्या काठावर आहे. तिथली बाई अजून अडलेलीच आहे." दोघं घळ पायी उतरून चढली. दुपार कलताना मुलगी झाली. आई वाचली, मुलगीही वाचली.

सोमवारी जॅबेझने विकलेल्या दहाही गाड्यांच्या मालकांना पत्रं लिहिली. काय विसरलो, कसं विसरलो, कळल्यावरही अर्धा तास कसा बसून राहिलो, सगळं लिहिलं, आणि त्यातलं एक पत्र कॅप्टनलाही गेलं. गाड्या परत मागवल्या आणि स्वतःच्या हातांनी चढवलेला रंग स्वतःच्या हातांनी खरवडून एकेक सांधा उघडा केला. दहाही गाड्यांत एकही सांधा खोटा निघाला नाही. पण लोकांना ते ऐकायचं नव्हतं. शहरातल्या दुकानदाराने मागणी रद्द केली, विलायतेहून आलेलं इंजिन खोक्यातच राहिलं आणि बारावी ट्रेलोर मोटारसायकल कधी झालीच नाही. जॅबेझ पुन्हा सायकलींची पंक्चरं काढू लागला.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं. रविवार मोडला, कारभाऱ्याची गाडी परवानगीवाचून नेली, आठ फाटकं उघडी टाकली. कॅप्टन काय शिक्षा देतात ते ऐकायला बाहेरगावचे लोकही आले होते. जॅबेझ शेवटच्या बाकावर, खाली मान घालून. कॅप्टन उभे राहिले. तो कणखर माणूस त्या दिवशी कागद हातात धरून वाचत होता.

"जॅबेझ ट्रेलोर सांधा भरायला विसरला," ते म्हणाले. "ती चूक त्याची. ती त्याने सांगितली. पण त्यानंतर तो अर्धा तास इथे बसून राहिला. तो अर्धा तास त्याचा एकट्याचा नाही. तो उठला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. आपण असं पाहतो, म्हणून तो बसून राहिला. सलीना वाचली. तो अर्धा तास तिच्या अंगावर आला असता, तर तिला आपण सगळ्यांनी मारलं असतं."

एवढं बोलून कॅप्टन खाली बसले. शिक्षेचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही.

आज पेनॅरात खाण नाही, कॅप्टन नाहीत, रविवारी मुलं खुशाल झोपाळ्यावर असतात. प्रार्थनाघर मात्र आहे. तिथे प्रत्येक बाकाची कडेची जागा रिकामी सोडतात, म्हणजे उठणाऱ्याला कुणाचे गुडघे ओलांडावे लागू नयेत. तिला जॅबेझची जागा म्हणतात. प्रवचन चालू असतं, आणि मधेच कुणीतरी उठतं. बूट वाजतात, दार उघडतं, लागतं. एकही मान वळत नाही. नव्या पाहुण्याला हे दारातच सांगतात, की कुणी उठलं तर समोर बघायचं. कुणी चुलीवरचं भांडं आठवून उठलेलं असतं, कुणी भावाशी खोटं बोललेलं आठवून. एक बाई अशीच उठून गेली ती तीन वर्षांनी परत आली असं म्हणतात. आली तेव्हा प्रवचन चालू होतं. ती आपल्या बाकाच्या कडेला येऊन बसली, आणि शेजारच्या बाईने समोर बघत बघतच स्तोत्रांचं पुस्तक तिच्याकडे सरकवलं.